सव्वा नऊ आणि तीन सूत

पहिल्या घटक चाचणीचा गणिताचा पेपर सरांनी माझ्या हातात ठेवला. वीसपैकी सहा. वय छत्तीस, धनकवडीत स्वतःचं शिलाईचं दुकान, आणि रोज संध्याकाळी शटर ओढून, स्वारगेटला उतरून मी पेठेतल्या रात्रशाळेत दहावीच्या वर्गात बसायला जात होते. नववी पास झाले त्या उन्हाळ्यात वडिलांचं काम सुटलं. मी ब्लाउज शिवायला शिकले आणि दहावी राहून गेली, ती वीस वर्षं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र ट्रंकेत जपून ठेवला होता. लेक सातवीत गेली त्या वर्षी तो बाहेर काढला.

ते सहा गुण मला फार लागले, कारण अभ्यास केला होता. वर्गसमीकरणाचं सूत्र तर मशीन चालवताना पुटपुटत पाठ केलेलं. प्रश्न होता, दोन एक्स वर्ग वजा सात एक्स अधिक तीन बरोबर शून्य. सूत्र बरोबर लिहिलं, किमती बरोबर मांडल्या. मग ‘बी वर्ग वजा चार एसी’, म्हणजे विवेचक, काढताना वजा सातचा वर्ग मी वजा एकोणपन्नास लिहिला. त्यातून चोवीस वजा केले, वजा त्र्याहत्तर आले. विवेचक ऋण आहे म्हणून मुळे वास्तव संख्या नाहीत, असं वाक्य लिहून मी खाली रेघ मारली होती. खरी मुळे दोन होती, एक तीन आणि दुसरं एक द्वितीयांश. एका चिन्हापायी सगळं गणित गेलं.

वर्ग सुटल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. पेपर बाकावर पसरला आणि पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवर ठेवत गेले. “ताई, तुम्हाला बीजगणित अडत नाहीये. तुम्हाला आकडे अडतायत. सूत्रं पाठ करणं पंधरा दिवस थांबवा. एक वेगळी वही घाला आणि जिथे चुकाल तिथे काय चुकलं ते फक्त लिहीत जा. उत्तर बरोबर करायचं नाही, नुसतं नाव द्यायचं चुकीला.”

अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी वही घेतली. पंधरा दिवसांत त्या वहीत एकतीस चुका जमा झाल्या. रविवारी दुपारी बसून मोजल्या. अधिक-वजाच्या चिन्हाच्या बारा. अपूर्णांक आणि दशांश चिन्हाच्या आठ. पाढ्याच्या पाच. वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवताना बदलला, अशा तीन. आणि खरोखर रीतच माहीत नव्हती अशा फक्त तीन. वीस वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की गणित हा आपला प्रांत नव्हे, आणि वही सांगत होती की एकतीसातल्या अठ्ठावीस वेळा मला काय करायचं ते ठाऊक होतं. त्या दुपारी मला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं.

ज्यांना आताची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्य मंडळाच्या दहावीला गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास, शिवाय २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. कॅल्क्युलेटर चालत नाही. १२० मिनिटांत ४० गुण म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. सतरा गुणिले आठ करायला एक मिनिट गेलं तर गणित समजूनही वेळ पुरत नाही.

पाढे मला येत होते, पण जिना चढावा तसे. ‘सोळा आठे अठ्ठाविसाशे’ माझ्या तोंडून यायचं ते सोळा एके सोळापासून सुरुवात केली तरच. मध्येच कोणी विचारलं की मी पहिल्या पायरीवर परत. लेकीला तर ‘अठ्ठाविसाशे’ हा शब्दच कळेना, तिला ते दोन हजार आठशे वाटले. तिला एकशे अठ्ठावीस असं सांगून मी दोन्ही म्हणून दाखवलं. मग कटिंगला वापरतो त्या ब्राउन पेपरच्या उरलेल्या पट्ट्यांचे तुकडे केले. एका बाजूला सोळा गुणिले आठ, मागे उत्तर. बारापासून एकोणीसपर्यंतचे, तिथेच मी अडायचे. ते तुकडे पिशवीत टाकून हात घालेन तो निघेल तो म्हणायचा. बसमध्ये, चहा उकळेपर्यंत, गिऱ्हाईक ट्रायलला आत गेलं की. दीड महिन्यात पट्ट्यांच्या कडा मऊ पडल्या आणि सोळा आठे एकदम यायला लागले, पायऱ्या न मोजता.

आकडा उतरवताना बदलतो, त्या तीन चुकांचं कारण शोधायला मात्र वेळ लागला. मी ऐकून लिहीत होते. गणित सोडवताना मनात मराठीत आकडा म्हणायचा आणि हाताने लिहायचा ही माझी सवय. ‘सत्त्याऐंशी’ म्हणताना सात आधी येतो, लिहिताना आठ आधी. थकलेली असले की ७८ व्हायचे. एकोणसाठचे ६९ तर किती वेळा झाले, कारण कानात ‘साठ’ राहतो. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी ओळ सवयीची होते न होते तोच नव्व्याण्णव वेगळाच निघतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस हे ‘वीस एक’ असंही वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरांचे अवघड शब्द आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडकतात असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा दुकानात बसून मीही म्हणाले होते, भाषेची मोडतोड कशाला करायची. आजही मला सत्त्याऐंशी हा शब्द हवाच आहे, तो माझ्या आजीचा शब्द आहे. पण त्या बाईंचं म्हणणं किती खरं होतं हे मला माझ्या वहीने दाखवलं. आता पेपर लिहिताना मी मनात ‘ऐंशी सात’ म्हणते आणि लिहिते. बाजारात सत्त्याऐंशीच म्हणते.

अपूर्णांकांची गोष्ट जरा सविस्तर सांगावीशी वाटते, कारण तिथे मी सगळ्यात जास्त घाबरत होते. तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश असं फळ्यावर दिसलं की माझी छाती धडधडायची. मी वर वर मिळवायचे, खाली खाली मिळवायचे, चार बारांश लिहायचे आणि ते चुकलंय हे आतून कळत असायचं.

एका शनिवारी सर आईला घेऊन दुकानावर आले. त्यांच्या आईचं ब्लाउजचं माप द्यायचं होतं. मी टेप लावून माप सांगत होते आणि सरच ते वहीत लिहून घेत होते. जुन्या ब्लाउजचा छातीचा चौथा भाग सव्वा नऊ भरला. त्या म्हणाल्या, जरा सैल हवं, तीन सूत वाढव. मी लगेच म्हणाले, “म्हणजे नऊ इंच पाच सूत.” आणि खडू उचलला.

सर म्हणाले, “थांबा. हे कसं केलंत?”

“कसं म्हणजे? सव्वा नऊ म्हणजे नऊ इंच दोन सूत. त्यात तीन. पाच सूत.”

“पाव इंचाचे दोन सूत का केलेत?”

“इंचात आठ सूत असतात ना. पाव आणि सूत एकत्र कसे मिळवायचे, आधी दोन्ही सुतात आणायला नकोत?”

ते हसले नाहीत, काही बोललेही नाहीत. माझ्याच मापवहीचं कोरं पान घेतलं आणि लिहिलं, एक चतुर्थांश म्हणजे दोन अष्टमांश, अधिक तीन अष्टमांश, बरोबर पाच अष्टमांश. “ह्याला पुस्तकात छेद समान करणे म्हणतात. तुम्ही दिवसातून वीस वेळा करता.”

ते पान मी अजून ठेवलंय. टेपवरचा इंच, त्यातल्या बारीक रेघा, हे सगळं वीस वर्षं माझ्या गळ्यात अडकवलेलं होतं आणि फळ्यावरचा अपूर्णांक हेच आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी भाकरीचे तुकडे काढून दाखवले होते, पण भाकरी मोजून कोण खातं?

पुढचं अडलं ते तृतीयांश आणि पंचमांशाला. सुतात ते बसत नाहीत. सर म्हणाले, मग तुमची टेप बदला, इंचाचे पंधरा भाग असलेली टेप डोळ्यांपुढे आणा. तृतीयांश म्हणजे त्यातले पाच, पंचमांश म्हणजे तीन, मिळून आठ. आठ पंधरांश. पंधराच का, हे मला मीच सांगू शकले, कारण तीन आणि पाच दोघांनाही पुरे पडणारी तीच सगळ्यात छोटी टेप.

घरात मी हे सांगितलं तर सासरे कॉटवर उठून बसले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मार्केट यार्डात भुसार दुकानात त्यांनी आयुष्यभर दिवाणजी म्हणून लिहिण्याचं काम केलं. ते सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा म्हणायला लागले, मग दिडकी, मग अडीचकी. तीन दिडके साडेचार, पाच दिडके साडेसात. पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे सगळं त्यांच्या लहानपणी अंकलिपीत होतं आणि पाठ करून घेतलं जायचं. माझी लेक तोंड उघडं टाकून ऐकत बसली. “सूनबाई,” ते म्हणाले, “सव्वाशे रुपये क्विंटलचं पोतं पाऊण क्विंटल, असं गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं. कागद घ्यायला सवड कुठे होती?” मला ते तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटं विचारायला लागले. माझा दशांश अपूर्णांक त्यांच्या पाऊणकीवर सुधारला असं मी म्हणेन. पाऊण म्हणजे शून्य दशांश पंचाहत्तर, औट म्हणजे तीन दशांश पाच, अशी मी दोन्हीकडून गाठ मारत गेले.

मध्यंतरी मी एक चूक केली. वेगवान गणिताच्या क्लासची जाहिरात बघून दोन रविवार गेले. पैसे आधी भरून घेतले आणि नंतर परत दिले नाहीत, ते सोडा. तिथे शेवटी पाच असलेल्या संख्येचा वर्ग शिकवला. पस्तीसचा वर्ग, तीन गुणिले चार बारा, पुढे पंचवीस, १२२५. टाळ्या वाजल्या. असं का होतं हे विचारलं तर म्हणाले, ‘का’ नंतर बघू, आधी वेग. पुढच्या चाचणीत मी छत्तीसच्या वर्गालाही तेच करून १२३६ लिहून आले. खरे १२९६.

मग मीच दुकानात ब्राउन पेपरचा पस्तीस सेंटिमीटरचा चौरस कापला. त्यातून तीस बाय तीसचा तुकडा वेगळा केला. उरल्या तीस बाय पाचच्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यातला पाच बाय पाचचा छोटा तुकडा. दोन्ही पट्ट्या मोठ्या तुकड्याच्या एकाच बाजूला जोडल्या. झाला तीस बाय चाळीस. तीन चोक बारा, पुढे दोन शून्यं, आणि हातात उरलेला तुकडा पंचवीस. दोन्ही पट्ट्या पाच-पाचच्या म्हणून मिळून दहा होतात, म्हणून तीसाचे चाळीस होतात. छत्तीसाला त्या सहा-सहाच्या असत्या, बारा झाले असते. कात्री हातात असताना हे कळलं ते पुन्हा कधी विसरले नाही. ज्या युक्तीचं कारण माहीत नाही ती परीक्षेत वापरू नये असं माझं पक्कं मत झालंय, आणि विद्यार्थ्यांना कारण न सांगता युक्त्या विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वजाबाकीचा सराव मला सगळ्यात कंटाळवाणा वाटायचा. त्याला सरांनी जे औषध दिलं त्यावर मी खूशच झाले. द. रा. कापरेकर म्हणून गणिती होते. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि पुढे नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी शोधलेली गंमत अशी. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नसावेत एवढंच. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतं, आणि एकदा आलं की तिथेच राहतं.

मी ३५२४ घेतले. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. ६१७४. बसमध्ये, तिकिटाच्या मागे. मला इतका आनंद झाला की शेजारच्या आजींना दाखवलं.

ह्यात सरावाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की उत्तर तपासायला कोणी लागत नाही. सात पावलांत ६१७४ आलं नाही तर कुठेतरी वजाबाकी चुकली. आणि कुठे, तेही सापडतं. संख्येचे अंक नुसते इकडचे तिकडे करून वजाबाकी केली की उत्तराला नेहमी नऊने भाग जातो. म्हणजे प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात यायला हवी. एकदा मी ७४१८ पासून निघाले. ८७४१ वजा १४७८, ७२६३. ७६३२ वजा २३६७, ५२६५. ६५५२ वजा २५५६, मी ४९९६ लिहिले. बेरीज अठ्ठावीस. नऊच्या पाढ्यात अठ्ठावीस नाही. परत पाहिलं, हजारातून घेतलेला एक कमी करायचा राहिला होता. ३९९६. बेरीज सत्तावीस. पुढे ६२६४, ४१७६ आणि ६१७४. सहा पावलं. त्या रात्री मी अशा चार संख्या केल्या, म्हणजे वीसएक वजाबाक्या, आणि झोपायला उशीर झाला.

ह्याच वाटेने नवाचा ताळा आला, तोही अण्णांना ठाऊक होताच. सत्तेचाळीस गुणिले शहाऐंशी, माझं उत्तर ४०४२. चार आणि सात अकरा, म्हणजे दोन. आठ आणि सहा चौदा, म्हणजे पाच. दोन पंचे दहा, म्हणजे एक. इकडे ४०४२ ची बेरीज दहा, म्हणजे एक. ताळा जमला. पण ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, हे मला माझ्याच सवयीमुळे कळलं. मी ४४०२ लिहिले असते तरी बेरीज दहाच. अंकांची अदलाबदल ताळ्याला दिसत नाही, आणि माझी तर तीच खोड. म्हणून मी अंदाजाची जोड दिली. पन्नास गुणिले शहाऐंशी ४३००. सत्तेचाळीसचं उत्तर त्याहून कमीच हवं. ४४०२ असूच शकत नाही.

अंदाज ही गोष्ट दहावीच्या पुस्तकात वेगळा धडा म्हणून नाही, पण अर्थनियोजनाच्या प्रकरणात तिच्यावाचून माझा निभाव लागला नसता. तिथे जीएसटी आहे, शेअर आहेत, दलाली आहे, दलालीवरचा जीएसटी आहे. एक गणित होतं, २०० रुपये बाजारभावाचा शेअर, दलाली ०.३ टक्के, दलालीवर १८ टक्के जीएसटी. पहिल्यांदा मी दलाली सहा रुपये काढली. मग थांबून स्वतःला विचारलं, दोनशेचा एक टक्का किती? दोन रुपये. एक टक्क्याहून कमी दलाली सहा रुपये कशी होईल? साठ पैसे. मग साठ पैशांवर अठरा टक्के काढले ते १.०८ आले. साठ पैशांवर एक रुपया आठ पैसे कर? एवढा कर कोणी लावला तर मंडईत दंगा होईल. दशांश चिन्ह एक घर चुकलं होतं. ०.१०८. शेअर पडला २०० रुपये ७१ पैशांना. तेव्हापासून मी प्रत्येक उत्तराला गिऱ्हाईक समजून विचारते, हे पटतंय का?

अठरा टक्क्यांचं अण्णांनी सोपं करून दिलं. वीस टक्के काढायचे, दोन टक्के कमी करायचे. शिलाई मशीनची मोटर २५०० ची. वीस टक्के ५००, दोन टक्के ५०, कर ४५०. केंद्राचा २२५, राज्याचा २२५.

महत्त्वमापनात माझी खोड उलटी होती. मी भराभर गुणत सुटायचे. शंकूचं घनफळ, त्रिज्या चौदा, उंची पंधरा. सूत्र एक तृतीयांश गुणिले पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची, आणि पाय म्हणजे बावीस सप्तमांश. बावीस गुणिले एकशे शहाण्णव गुणिले पंधरा, ६४,६८०, मग एकवीसने भागायचे. पानभर आकडेमोड. आधी काटाकाट करावी हे मला वर्षाच्या शेवटी शेवटी अंगवळणी पडलं. सातने चौदाला भाग, दोन. तीनने पंधराला, पाच. उरलं बावीस, दोन, चौदा, पाच. पाच दुणे दहा आधी, मग बावीस चौदे ३०८, वर शून्य, ३०८०. चिन्हांच्या बारा चुकांसाठी मात्र युक्ती कुठलीच सापडली नाही. ऋण संख्या कंसात लिहायची, प्रत्येक वेळी, आळस न करता, एवढंच केलं. जानेवारीत त्या चुका आठवड्याला एक-दोनवर आल्या.

स्वारगेटच्या सिग्नलला बस थांबली की मी एमएच १२ च्या पुढचे आकडे फोडायचे. एकदा समोर ३९६९ आला. अंकांची बेरीज सत्तावीस, नऊने भाग, ४४१. ४४१ म्हणजे एकवीसचा वर्ग. नऊ तीनाचा वर्ग. म्हणजे हा त्रेसष्टचा पूर्ण वर्ग! सिग्नल सुटला आणि रिक्षा पुढे गेली, पण मला दिवसभर बरं वाटत होतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. आमचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं, माझ्या पुढच्या बाकावर पंधरा वर्षांची मुलगी, तिने मला “काकू, तुम्ही पर्यवेक्षक आहात का?” असं विचारलं. बीजगणिताच्या पेपरात शेवटची बारा मिनिटं माझ्याकडे उरली. ती सगळी मी ताळ्यात घातली आणि दोन चुका पकडल्या. भूमितीत निर्देशक भूमितीच्या गणितात वजा तीन वजा चार हे मी वजा एक लिहून आले, ते घरी आल्यावर कळलं. कंस घातला नव्हता. मेमध्ये निकाल लागला. लेखी ८० पैकी ५४. अण्णांनी आकडा दोनदा वाचायला लावला.

आमच्या वर्गातले एक काका एका सोसायटीत सुरक्षारक्षक आहेत. त्यांचं गणित राहिलं, पुरवणी परीक्षेला बसायचंय. दर शनिवारी ड्युटी संपवून ते दुकानावर येतात, मी पट्ट्यांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवते. पाढे बरे आहेत त्यांचे. अपूर्णांकावर अडतात. मी त्यांना टेप दाखवली, सूत सांगितले, इंचाचे पंधरा भाग सांगितले. ते मान हलवत होते, पण समजलेलं नव्हतं. टेप त्यांनी कधी हातातच धरलेली नाही.

गेल्या शनिवारी मी तृतीयांश अधिक पंचमांश लिहून दिलं आणि एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वळले. परत आले तर ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

“ताई, तासाचा तिसरा भाग वीस मिनिटं ना?”

“हो.”

“आणि पाचवा बारा. बत्तीस मिनिटं झाली.” त्यांनी बत्तीस साठांश लिहिलं, चारने वर-खाली भाग दिला, आणि वही माझ्याकडे फिरवली. आठ पंधरांश.